रातची लाईन, वावर आणि प्रार्थना

वावरवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सर्वांना सलाम. दोन वर्षं इथे नुसतं वाचतो आहे, लिहितो आज पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. ख्रिस्ती घरं अकरा. आजोबांच्या काळातलं विटांचं लहानसं चर्च आहे. पाळकसाहेबांकडे पुष्कळ गावं, म्हणून आमच्याकडे पंधरा दिवसांतून एका रविवारी येतात. मधल्या रविवारी आम्हीच दोन गीतं म्हणतो, शास्त्रपाठ वाचतो, प्रार्थना करून घरी जातो. तो शास्त्रपाठ बहुतेक वेळा मी वाचतो. वावर सात एकर. पऱ्हाटी, तूर, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा चना.

माझा प्रश्न गावात कोणाला तोंडावर विचारता येत नाही. मंडळीत वाचणारा माणूस मी, मीच असं कसं बोलू? देव मला पहिल्यासारखा जवळचा वाटत नाही. बाबा होते तेव्हा रोज दिवेलागणीला ओसरीवर प्रार्थना व्हायची. आम्ही लेकरं झोपेनं डुलायचो, तरी त्या वेळी घरात कोणीतरी आलेलं आहे असं वाटायचं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. सध्या दिवसा वेचणी: बाया मिळवा, कापूस तोला, हिशेब करा. या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन रातची. अकरानंतर थ्री फेज येते, मग पहाटेपर्यंत स्प्रिंकलरचे पाईप बदलत राहा. जेवणाआधीची प्रार्थना ओठांवर येते, मन मात्र मोटारीवर असतं. बायबल उघडलं की दोन वचनांत डोळा लागतो.

मागच्या रविवारी याकोबाच्या पत्रातलं ४:८ वाचलं, की तुम्ही देवाजवळ जा म्हणजे तो तुमच्याजवळ येईल. वाचून झालं आणि तिथेच अडकलो. पाऊल टाकायचं तरी कोणतं? प्रवचन नको. तुमच्या स्वतःच्या दिवसात काय बसतं ते सांगा.

---

दुचाकीवरचा_पाळक | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

वावरवाला भाऊ, सलाम. मी सात गावं बघतो, म्हणून तुमच्या पाळकांचं दुखणं मला ठाऊक आहे.

आधी वेळेबद्दल बोलतो. आपल्या मंडळ्यांत एक समज घट्ट बसला आहे, की पहाटे चारला उठून केली तीच खरी प्रार्थना. येशू मोठ्या पहाटे एकांतात गेला हे मार्क १:३५ मध्ये आहेच. पण लूक ६:१२ मध्ये त्याने डोंगरावर अख्खी रात्र प्रार्थनेत काढली तेही आहे. रात्रभर ओलीत करून आलेल्या माणसाला पहाटे चारचा नियम लावणं मला पटत नाही. त्याला झोपू द्यावं.

तुमची वेळ रात्र आहे. तर रात्रीचं स्तोत्र घ्या. स्तोत्र १३४ फक्त तीन वचनांचं आहे. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांना ते सांगितलं आहे. हात वर करा, त्याला धन्यवाद द्या, आणि सियोनातून तो तुम्हाला आशीर्वाद देवो, एवढंच. दोन रात्रींत पाठ होईल. पाईप बदलून पाणी सुरू झालं की वावराच्या मधोमध उभं राहून म्हणा. तिथे पुस्तक लागत नाही, टॉर्चही लागत नाही.

दुसरं स्तोत्र १३०. पहारेकरी पहाटेची जितकी वाट पाहतात, त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात आहे. शहरातल्या मंडळीला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे डुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलायला जो जागलीवर गेला आहे त्याला काय समजवायचं? पूर्वेला फटफटीत व्हायला लागलं की जिवाला काय वाटतं ते त्याला माहीत आहे.

आणि देव लांब वाटतो ही तक्रार देवाकडेच करा. स्तोत्रं १५० आहेत, त्यांतली कितीतरी तक्रारीचीच आहेत. स्तोत्र १३ उघडून पाहा. दोन वचनांत चार वेळा विचारलं आहे, कोठवर? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही. ज्यांनी ही पानं पवित्र शास्त्रात राखली त्यांना कोरड पडलेल्या माणसाची प्रार्थना माहीत होती.

---

विजयी_जीवन | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

भाऊ, कोरडेपणा येतो तो विश्वास कमी पडल्यामुळे. तोंडानं विजय कबूल करा, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, नीट द्या. देव मनापासून मानणाऱ्याच्या कोठारात कमी पडू देत नाही. पिकावर आणि घरावर येणारं संकट हे कुठेतरी दार उघडं राहिल्याचं चिन्ह असतं. शोधा म्हणजे सापडेल.

---

दुचाकीवरचा_पाळक | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४०

विजयी_जीवन, तुमची कळकळ खरी असेल, पण मला हे थांबवलंच पाहिजे.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्या दिवसांत मी दवाखान्यात खाटेखाटेशी बसलो आहे. डोळ्यांपुढे अंधारी आलेली मजूर पोरं, दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारायला गेलेली. त्यांच्या बायकांना जाऊन सांगू, की तुमच्या घराचं दार उघडं राहिलं म्हणून? जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी असाच प्रश्न विचारला होता, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापानं? योहान ९:३ मध्ये येशूचं उत्तर आहे. यानंही नाही, आईबापानंही नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते ती मालक प्रार्थना करणारा आहे की नाही हे पाहून शिरत नाही. पाऊस नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पडतो, हे मत्तय ५:४५ मध्ये स्वतः प्रभू बोलला आहे.

हबक्कूक संदेष्ट्यानं तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी यादीच दिली आहे. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात ढोरं नाहीत. सहा गोष्टी गेल्या, आणि मग म्हणतो, तरीही मी परमेश्वरात आनंद करीन. कोठार भरल्यावर आनंद करीन, असं तो म्हणत नाही. शेतकऱ्यासाठी शास्त्रात याहून जवळचं पान मला तरी माहीत नाही.

---

दुपारची_घंटा | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

मी कॅथलिक आहे. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा अशी तीन वेळा देवदूताच्या निरोपाची प्रार्थना असते. माझ्या लहानपणी चर्चची घंटा व्हायची, आई भाकर थापता थापता थांबायची, तवा उतरवायची, प्रार्थना म्हणून पुन्हा ठेवायची. मिनिटभराचं काम. आता मी राहते त्या गावात घंटा ऐकू येत नाही. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा तीच माझी. एसटीनं तालुक्याला जाताना जपमाळ. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, वीसेक मिनिटांत होतात.

पण मला खरं सावरलं ते रात्रीच्या परीक्षणानं. सोळाव्या शतकात संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या सोबत्यांना ते घालून दिलं. अंथरुणावर पडल्यावर दिवस पुन्हा एकदा चालून यायचा. आज कुठे देवानं हात धरला? कुठे मी हात सोडवून घेतला? पहिल्याबद्दल आभार, दुसऱ्याबद्दल क्षमा, आणि उद्याच्या एका गोष्टीसाठी मदत मागायची. एका रात्री असं चालून येताना वर्गातल्या एका कोरकू मुलीशी मी तुटकपणे बोलल्याचं आठवलं. दिवसभर ते लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून घेतलं. ती काही बोलली नाही, पण वही दाखवायला आली.

भाऊ, डुलकी लागली तरी लागू द्या. लेकरू आईच्या मांडीवर झोपलं तर आई त्याला उठवून बसवत नाही.

---

सरवा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

मी विधवा बाई, वर्धा जिल्हा, चार एकर. प्रार्थना करायला मला निराळी जागा नाही, घरात माणसं आणि ओसरीवर सरकीची पोती. म्हणून मी वावरातलं सांगते.

आमच्या भागात पहिल्या वेचणीला सीतादही करतात. दहीभात घेऊन जातात, वावरात पूजा होते, मगच कापसाला हात लावायचा. शेजारीण मला बोलावते, मी जाते, तिच्या आनंदात उभी राहते. माझ्या वावरात पहिल्या वेचणीला मी लेकरांना घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसते आणि मुलगी स्तोत्र ६५ वाचते. त्यात देव स्वतः जमिनीचे तास, म्हणजे नांगराच्या रेघा, भिजवतो, ढेकळं मऊ करतो, असं आहे. तास हा आपला शब्द तिथे वाचला की माझ्या अंगावर काटा येतो. मग दहीभात आम्ही पण खातो, शेजारणीनं पाठवलेला.

पहिल्या वेचणीतला एक गाठोडा कापूस वेगळा ठेवते. सुगीच्या सणाला चर्चमध्ये नेते, तिथे लिलाव होतो. मागच्या वर्षी माझी बारीकशी तुरीची पायली एका म्हाताऱ्यानं तीनदा बोली वाढवून घेतली. त्याच्या घरी तूर होती. मला समजलं तो कशाला घेतो ते.

आणि उलंगवाडीला, म्हणजे वेचणी संपताना, शेवटची बोंडं मी वेचत नाही. लेवीय १९ मध्ये लिहिलं आहे, शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा, म्हणजे मागे राहिलेलं पीक, गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. बायबलमधली रूथ अशाच सरव्यावर जगली. मालक गेले त्या वर्षी मी स्वतः दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचला आहे, म्हणून हे नाव घेतलं. ज्या दिवशी दोन बाया माझ्या वावरात सरवा वेचायला येतात त्या दिवशी देव मला सगळ्यात जवळ वाटतो. का, ते सांगता येत नाही.

एक विचारायचं आहे. माझ्या थोरल्या मुलीच्या सासरी कोणी चर्चला येत नाही. जावई अडवत नाही, पण सोबतही करत नाही. ती एकटीच दार लावून प्रार्थना करते. तिला काय सांगू?

---

जुनी_पानं | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

सरवा ताई, तुमच्या लेकीला ख्रिस्ती कवी टिळकांचं घर सांगा.

नारायण वामन टिळक आपल्या नागपूरकडे राहिलेले. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं, त्यानं नवा करार हाती दिला, आणि तिथून त्यांचं वाचन सुरू झालं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं धरा. एका घरात दोन माणसं, आणि दोघांच्या चालीत केवढं अंतर! ताटातूट झाली, रडणं झालं, सोवळ्या-ओवळ्यावरून जीव गेला. त्या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंना कोणी ओढून नेलं नाही. त्या आपल्या पायांनी, आपल्या प्रश्नांसकट आल्या. लेकीनं नवऱ्याच्या पायांना दोरी बांधू नये आणि स्वतःचे पायही थांबवू नयेत.

टिळकांबद्दल अजून एक. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. म्हणून त्यांची प्रार्थना अभंगात उतरली, ते कीर्तन करत. वावरवाला भाऊ, मोठ्या वाक्यांची प्रार्थना जमत नसेल तर गीत धरा. वेचणीच्या ओळीत गुणगुणता येईल असं एकच गीत आठवडाभर. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण शंभरावर गीतं तोंडपाठ. तिला मरताना वाचता न येण्याची अडचण पडली नाही.

---

वॉर्डातली_ताई | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

मी वाशीमकडची. एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळी. म्हणून रात्रीच्या देवाबद्दल मीही थोडं बोलते.

वॉर्डात लांब प्रार्थना होत नाही. मी आंधळ्या बार्तीमयाची हाक धरली होती, मार्क १०:४७: येशू, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. श्वास आत घेताना अर्धी, सोडताना अर्धी. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात धुवायचे असतात, तेवढ्या वेळात मागच्या पेशंटचं नाव देवापुढे ठेवायचं आणि पुढच्याचं घ्यायचं. कित्येक वर्षं माझी मध्यस्थीची प्रार्थना नळाखाली झाली. आजही भांडी घासताना हातावर पाणी पडलं की माणसं आठवतात.

वावरवाला भाऊ, आता एक विचारते, राग मानू नका. आम्हाला नाडी पाहायची सवय. तुमचं सगळं लिहिणं दोनदा वाचलं. बाबांची ओसरी आहे, विहीर आहे, मंडळी आहे. बाबांच्या नंतर ओसरीवरची प्रार्थना का बंद झाली, ते तुम्ही लिहिलं नाही. लाईन तर बाबांच्या वेळीही रात्रीच यायची. कोणाशी अबोला आहे का?

मी माझ्या जाऊबाईंशी सहा वर्षं बोलले नव्हते, म्हणून विचारते. त्या सहा वर्षांत मी उपासप्रार्थना केल्या, वेलांटीही न चुकवता वचनं पाठ केली. सगळं छताला लागून खाली पडत होतं.

---

वावरवाला | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताई, चार दिवस उत्तर दिलं नाही. उत्तर येत नव्हतं असं नाही.

लहान भाऊ आहे. बाबांनंतर वाटणी झाली, विहीर सामायिक राहिली. दुसऱ्या पेरणीला धुरा सरकला. नांगराच्या दोन तासांचं अंतर, मी म्हणतो त्यानं सरकवला, तो म्हणतो मी. मोजणी आणली, ती दोघांनाही पटली नाही. त्यावरून तोंडातून असे शब्द गेले की आईनं कानावर हात ठेवले. तीन वर्षं झाली. ओसरी त्याच्या वाट्याला गेली, म्हणून तिथली प्रार्थना बंद झाली.

चर्चमध्ये तो डावीकडे बसतो, मी उजवीकडे. प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून घेतो, एक जण पुढे आणि एक मागे राहून, मध्ये दोन-तीन माणसं येतील असं पाहून. रात्री लाईन आली की आधी जागा झालेला दुसऱ्याच्या खिडकीवर टकटक करायचा, ही बाबांनी लावलेली रीत. तीन वर्षांत ती टकटक झाली नाही. त्याची मोटार सुरू झाल्याचा आवाज ऐकून मी उठतो.

आणि हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. मागच्या वर्षी मत्तय ५ वाचायचा होता. २३ आणि २४ आलं. वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा. मी ती दोन वचनं गाळली आणि २५ वर गेलो. मंडळीत कोणाच्या लक्षात आलं नाही. मान वर केली तर तो माझ्याकडे पाहत होता.

देव लांब गेला म्हणून मी इथे विचारायला आलो. लांब कोण गेलं आहे ते मला माहीत होतं.

---

दुचाकीवरचा_पाळक | १७ नोव्हेंबर, रात्री ११:५०

भाऊ, हे लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते समजतं. एकच सांगतो. जाताना धुऱ्याचा कागद नेऊ नका. मोजणीचं बोलणं निघालं तर नंतर करू म्हणा. वचनात 'भाऊ चुकला असेल तर' असं नाही, 'त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर' असं आहे. कोण बरोबर होतं याचा निकाल लागायची वाट पाहायची नाही.

---

सरवा | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:००

दोन तासांत किती कापूस येतो दादा? जा.

---

वॉर्डातली_ताई | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

जाऊबाईंकडे मी गेले तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं. बसायला म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला चहा झाला. तुम्हाला पहिल्याच दिवशी गळामिठी मिळेल असं धरून जाऊ नका, आणि नाही मिळाली म्हणून परत फिरू नका. नळाखाली तुमचं नाव घेते आहे.

---

वावरवाला | २६ नोव्हेंबर, रात्री ११:३५

सगळ्यांना सलाम. थोडक्यात लिहितो.

१९ तारखेला संध्याकाळी गेलो. भाऊ घरी नव्हता, जिनिंगवर गाडी घेऊन गेला होता. वहिनीनं ओसरीवर खाट टाकली, पाणी दिलं. आत लेकरू म्हणालं, मोठे बाबा आले. तासभर बसलो. बाबांची खुर्ची तिथेच आहे, तीवर कोणी बसत नाही. तो आला नाही, मी उठलो.

२२ ला परत गेलो. तो बैलांना वैरण टाकत होता. मी म्हणालो, मी ती दोन वचनं गाळली होती, तुला दिसलं होतं. तो वैरण टाकत राहिला. मग म्हणाला, दिसलं होतं. मी म्हणालो, माझं चुकलं, आणि त्या दिवशी आईसमोर बोललो तेही चुकलं. त्यावर काहीच बोलला नाही. मी घरी आलो. खरं सांगतो, मन मोकळं वगैरे झालं नाही. हातपाय कापत होते. रात्री पाईप बदलून स्तोत्र १३४ म्हणायला उभा राहिलो आणि तिसऱ्या वचनाला गळा भरून आला. कितीतरी वेळ तसाच उभा होतो. पाणी शेजारच्या तुरीत गेलं.

धुरा आहे तिथेच आहे. मोजणीचं नंतर पाहू.

आज अकराला डोळा लागला होता. खिडकीवर टकटक झाली. "लाईन आली," एवढंच म्हणाला आणि टॉर्च घेऊन पुढे निघाला. मी चप्पल घालून निघालो आहे, विहिरीजवळ बसून हे लिहितो. त्याची मोटार त्यानं अजून सुरू केलेली नाही, पहिली पाळी माझी ठेवली आहे. पाईप लावायचे आहेत, बाकी उद्या.